पाचारण, विरोध आणि बाबांचा एक प्रश्न

नाशिकरोडहून एका भगिनीचे पत्र आले आहे. ते बरेच लांब असल्यामुळे त्यातला आवश्यक भाग तेवढा इथे देतो.

"माझे वय २९. मी एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आई तीन वर्षांपूर्वी प्रभूमध्ये निद्रिस्त झाली. बाबा प्रेसमधून निवृत्त झालेले आहेत आणि त्यांना मधुमेह आहे. सेमिनरीत जाऊन पाळकीय, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या, सेवेचे शिक्षण घ्यायची माझी इच्छा मी दोन वर्षांपूर्वी घरी सांगितली आणि तेव्हापासून घरातले बोलणे तुटक झाले आहे. भाऊ पिंपरीला असतो. तो म्हणतो, आधी लग्न कर, मग काय ती सेवा कर. आत्या स्थळे आणते. बाबा भांडत नाहीत. पण परवा रात्री इन्सुलिन देताना ते म्हणाले, 'जा, माझी हरकत नाही, पण ही सुई कोण टोचणार तेवढे सांगून जा.' आमची मंडळी (चर्च) सी.एन.आय.ची, म्हणजे उत्तर भारत मंडळीची. महिला रविवारी मी उपदेश केला, तो लोकांना आवडला. पण पास्टोरेट कमिटीतल्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीतल्या, एका ज्येष्ठ सभासदांनी 'बायकांनी महिला मंडळ सांभाळावे, पुलपिटवर (उपदेशाच्या व्यासपीठावर) चढू नये' असे बोलून दाखवले आणि त्यानंतर माझे नाव उपदेशाच्या पाळीतून गेले. रुग्णालयात एका रुग्णाच्या उशाशी प्रार्थना केली म्हणून मेट्रननी मला समज दिली. मी ज्या घरसभेला जाते तिथले एक बंधू म्हणतात की, चारी बाजूंनी विरोध होतो आहे म्हणजेच पाचारण (सेवेसाठी आलेली हाक) देवाचे आहे. नांगराला हात घातल्यावर मागे पाहू नये, याच महिन्यात राजीनामा द्यावा, आणि त्यांच्या मंडळीत मला लगेच उपदेशाची सेवा मिळेल. फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता माझ्या पगारातून जातो. अजून अडीच वर्षे आहेत. मी घाबरते आहे की आज्ञाभंग करते आहे, हेच मला कळेनासे झाले आहे."

प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे सरळ उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचे वाचताना मनावर ताण राहणार नाही. या महिन्यात राजीनामा देऊ नका, आणि सेमिनरीचा विचारही सोडू नका. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असे तुम्हाला वाटते आहे, कारण गेली दोन वर्षे घरच्यांनी आणि घरसभेतल्या बंधूंनी, दोघांनीही, तुमच्यापुढे एकच निवड ठेवली आहे: आत्ताच्या आत्ता सगळे सोड, नाहीतर सगळे विसर. ही निवड त्यांनी केलेली आहे. ती देवाने तुमच्यापुढे ठेवली आहे असे तुमच्या पत्रातून मला तरी कुठे दिसले नाही.

घरसभेतल्या बंधूंचे म्हणणे आधी तपासू या, कारण तुमच्या मनावर सर्वांत जास्त पकड त्यांच्याच वाक्याची आहे. विरोध होतो म्हणजेच पाचारण खरे, हे ऐकायला धीर देणारे आहे. पण पवित्र शास्त्रात ते टिकत नाही. यिर्मया संदेष्ट्याला विरोध झाला, त्याला चिखलाच्या विहिरीत सोडण्यात आले, हे आपण संडेस्कूलपासून ऐकत आलो. परंतु त्याच यिर्मयाच्या २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा आहे. त्यालाही भर मंदिरात, याजकांच्या आणि सर्व लोकांच्या देखत विरोध झाला आणि तो विरोध करणारा स्वतः यिर्मया होता. हनन्याने जर 'मला विरोध होतो आहे, म्हणून माझा संदेश देवाचा' असा हिशेब मांडला असता, तर तो साफ चुकला असता. विरोध खऱ्यालाही होतो, खोट्यालाही होतो, आणि पुष्कळदा तो केवळ घाईला होतो. म्हणून विरोध किती झाला हे मोजण्यापेक्षा कोण काय म्हणाले आणि त्यात खरे किती आहे, हे एकेक करून पाहणे बरे. तुमच्या पत्रात बाबा, भाऊ, आत्या, मेट्रन आणि कमिटीतले ज्येष्ठ या सर्वांना 'चारी बाजूंनी विरोध' या एकाच गाठोड्यात बांधलेले आहे. ते गाठोडे सोडू या.

मेट्रनपासून सुरुवात करतो, कारण ते प्रकरण सर्वांत सोपे आहे. त्यांनी दिलेली समज हा छळ नाही. ड्यूटीवर असलेली नर्स आणि खाटेवर पडलेला रुग्ण यांच्यात बरोबरीचे नाते नसते. सलाईन, औषध, बेडपॅन या सगळ्यांसाठी तो तुमच्यावर अवलंबून असतो आणि अशा स्थितीत तुम्ही प्रार्थना करू का विचारले तर नको म्हणणे त्याला जड जाते. तो रुग्ण ख्रिस्ती होता का, प्रार्थना त्याने मागितली होती का, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, आणि नेमके तेच महत्त्वाचे आहे. राज्यघटनेचे २५ वे कलम आपल्याला आपला धर्म पाळण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते, तेही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. आणि प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केले आहे. कायदा बाजूला ठेवला तरी पेत्राच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय काढून पाहा. ख्रिस्ती म्हणून दुःख सोसावे लागले तर लाज वाटू देऊ नये असे तो सांगतो खरा, पण त्याच्या आधीच्याच वचनात दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून कोणी दुःख सोसू नये, असेही त्याने बजावले आहे आणि ही ढवळाढवळ त्याने खून आणि चोरी यांच्या ओळीत नेऊन बसवली आहे. यापुढे रुग्णाने स्वतः मागितले, तर ड्यूटी संपल्यावर, वॉर्डच्या सिस्टरांना सांगून, नातेवाइकांसमोर प्रार्थना करा. मेट्रनना भेटून हे आपणहून सांगा. एवढ्यावर हा विषय मिटेल, आणि मिटला नाही तरी तुमच्याकडून काही उणे राहणार नाही.

आता बाबांकडे येतो, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

तुमच्या संपूर्ण पत्रात मला सर्वांत मोलाचे वाटले ते बाबांचे वाक्य. त्याला तुम्ही विरोध म्हटले आहे. मी ते तीनदा वाचले आणि मला त्यात विरोध सापडला नाही. त्यात एक प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. ही सुई कोण टोचणार? तुम्ही नर्स आहात, म्हणून या प्रश्नाचा वरचा भाग तुम्ही सहज सोडवू शकता. इन्सुलिन पेनवर आकडा कसा फिरवायचा, पोटावरची जागा रोज कशी बदलायची, सुई दर वेळी नवी का घ्यायची, वापरात नसलेले पेन फ्रिजमध्ये कुठे ठेवायचे, हे डिस्चार्जच्या वेळी तुम्ही रुग्णांच्या नातेवाइकांना पाच-दहा मिनिटांत शिकवत असाल. मग आपल्याच घरात, आयुष्यभर प्रेसमध्ये बारकाईचे काम पाहिलेल्या माणसाला ते अजून शिकवलेले कसे नाही? बहुधा कारण असे असेल की, आई गेल्यापासून ती सुई हेच तुम्हा दोघांचे दिवसातले खात्रीचे भेटण्याचे निमित्त आहे, आणि ते मोडावे असे दोघांनाही वाटत नाही.

त्या प्रश्नाचा खालचा भाग मात्र अवघड आहे. सुई शिकता येते. रात्री दोन वाजता साखर उतरली, घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, तर घरात दुसरे माणूस कोण असेल, हे बाबा विचारत आहेत. निवृत्त, विधुर, मितभाषी माणूस याहून स्पष्ट विचारणार नाही. म्हणून उत्तर तुम्हीच शोधून त्यांच्यापुढे ठेवले पाहिजे. पेठेत किंवा कॉलनीत एखादे विश्वासाचे शेजारी, ज्यांच्याकडे घराची दुसरी किल्ली राहील. मंडळीतला एखादा कॉलेजला जाणारा मुलगा, जो खोलीच्या बदल्यात रात्री घरात राहील. महिन्यातले काही दिवस भावाचा फेरा. उशाशी साखर आणि ग्लुकोमीटर. यातले काय जमेल हे नाशिकरोडला राहून तुम्हालाच ठाऊक. पण जोपर्यंत हे कागदावर उतरत नाही, तोपर्यंत 'मला देवाने बोलावले आहे' हे तुमचे वाक्य बाबांच्या कानात 'मी तुम्हाला टाकून चालले आहे' असेच पोहोचणार. मार्काच्या सातव्या अध्यायात येशूने परूश्यांना ज्या गोष्टीवरून खडसावले ती हीच. आईबापांना जे द्यायचे ते 'देवाला अर्पण केले' असे सांगून मोकळे होणारे लोक त्या काळीही होते, आणि त्यांना तो भक्तिमान म्हणत नाही. वधस्तंभावर, प्राण जाण्याच्या घटकेला, त्याने आईला शिष्याच्या स्वाधीन केले. स्वतःचे कार्य पूर्णत्वास जात असतानाही आईची सोय लावणे त्याला त्या कार्याच्या आड येणारे वाटले नाही.

नाशिकच्या ख्रिस्ती वाचकाला पाचारण आणि घरचा विरोध म्हटले की नारायण वामन टिळक आठवतातच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आपल्या माणसांचा आणि ज्ञातीचा रोष पत्करला, आणि उपदेशांतून ही गोष्ट निष्ठेचा नमुना म्हणून कित्येकदा सांगितली जाते. ती निष्ठा खरीच होती. परंतु याच गोष्टीची दुसरी बाजू आपल्याच भागातली आहे: त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा, आणि १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले तेही नाशिकमध्येच. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतरची जवळजवळ पाच वर्षे त्या त्याच्यापासून दूर राहिल्या, आणि तो काळ त्यांनी कसा काढला हे त्यांनी आपल्या आठवणींत इतक्या निर्मळपणे लिहिले आहे की वाचणाऱ्याला हसावे की रडावे ते कळत नाही. टिळकांच्या पाचारणाची मोठी किंमत अशा व्यक्तीने मोजली, जिला हाक ऐकू आलेली नव्हती. मी टिळकांना दोष देत नाही. त्या काळच्या समाजात बायकोला विचारून बाप्तिस्मा घेणे शक्य तरी होते का, हा प्रश्न आहेच. पण आज तुम्हाला टिळकांचे उदाहरण देऊन 'मागेपुढे पाहू नकोस' असे कोणी सांगेल, त्याला लक्ष्मीबाईंच्या आठवणी वाचल्या आहेत का, एवढे विचारा.

याच गोष्टीत आणखी एक धागा आहे आणि तो तुमच्या भावाच्या व आत्याच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखा आहे. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. सोवळेओवळे सांभाळत त्या त्याच्याबरोबर राहिल्या, त्यांच्या मनातला जातिभेद आधी गेला, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. १९१९ मध्ये टिळक वारले तेव्हा ख्रिस्तचरित्रावरचे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते पुढे नेऊन पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी, आणि त्यातला बराच मोठा भाग त्यांच्या हातचा आहे. घरातला विरोध करणारा माणूस कायम विरोधातच राहील असे धरून चालू नये. आज त्याच्याशी बोलणे तोडले, तर उद्या त्याला यायला दारच उरत नाही.

नांगराच्या वचनाबद्दल थोडे. लूकच्या नवव्या अध्यायातले ते वचन कठोर आहे आणि ते सौम्य करून दाखवण्याचा माझा विचार नाही. शिष्य होण्यात टाळाटाळ करणाऱ्याला ते बोचलेच पाहिजे. पण नांगराचीच दुसरी एक गोष्ट १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आहे. अलीशा बारा जोड्यांनिशी नांगरत असताना एलीया संदेष्ट्याने आपला झगा त्याच्यावर टाकला, म्हणजे त्याला आपल्यामागे सेवेला बोलावले. अलीशाने आईबापांचा निरोप घेऊन येतो म्हटले, परत गेला, बैल कापले, औतकाठीच्या लाकडावर मांस शिजवले, लोकांना जेवू घातले आणि मग निघाला. परतीची वाट त्याने त्या जाळात संपवली, आणि निरोपही रीतसर घेतला. लूकमध्येच पुढे, १४ व्या अध्यायात, बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा असे येशू सांगतो. एका वचनाने घाई लावायची आणि दुसरे झाकून ठेवायचे, हा शास्त्राचा वापर बरा नव्हे.

भावाच्या बाबतीत मी थोडक्यात सांगतो. लग्न आधी की सेवा आधी हा वाद घालत बसू नका. लग्न करणार नाही असे तुम्ही कुठे लिहिलेलेही नाही. आत्याने आणलेल्या प्रत्येक स्थळाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा की, मी पाळकीय शिक्षणासाठी जाणार आहे. बहुतेक जण आपणहून मागे फिरतील आणि आत्याचा उत्साहही बराच ओसरेल. जो मागे फिरणार नाही त्याच्याशी बोलण्यासारखे काही असेल. भावाशी बोलायचे ते हप्त्याविषयी आणि बाबांविषयी. फ्लॅट कोणाच्या नावावर आहे आणि पुढे कोणाला मिळणार आहे, हे मला माहीत नाही, परंतु बाबांची जबाबदारी आणि कर्ज हे दोन्ही एकट्या मुलीकडे आणि सल्ला तेवढा मुलाकडे, ही वाटणी बरोबर नाही, आणि ते त्याला शांतपणे, आकड्यांसह सांगायला हरकत नसावी. त्याने अर्धा हप्ता उचलला आणि तुमची वाचलेली रक्कमही तुम्ही कर्जातच भरलीत, तर अडीच वर्षांची वाट कदाचित पावणेदोन वर्षांवर येईल. उचलला नाही, तर अडीच वर्षे थांबा. ३२ व्या वर्षी सेमिनरीत जाणे म्हणजे उशीर नव्हे. वॉर्डातली आठ-दहा वर्षे पाठीशी घेऊन आलेल्या विद्यार्थिनीला मरणाच्या दारातल्या माणसाशी काय बोलावे, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

कमिटीतल्या ज्येष्ठांचे प्रकरण वेगळे आहे, कारण त्यांच्या बोलण्यात प्रश्न नाही, नुसता नकार आहे. बाबांना उत्तर द्यायचे आहे. यांना उत्तर देत बसायचे नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या आपल्या मंडळीत स्त्रियांना पाळकीय दीक्षा दिली जाते. हा निर्णय एका पास्टोरेटमधल्या एका सभासदाच्या आवडीनिवडीवर अवलंबून नाही. दक्षिण भारत मंडळीत तर २०१३ मध्ये पुष्पा ललिता यांचा नंद्याळच्या बिशप म्हणून अभिषेक झाला. स्त्रियांनी शिकवू नये या पौलाच्या वचनांचा अर्थ कसा लावायचा, यावर ख्रिस्ती मंडळ्यांत प्रामाणिक मतभेद आहेत आणि ते मी या सदरात मिटवू शकणार नाही. पण तोच पौल रोमकरांस पत्राच्या शेवटी किंख्रिया येथील मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस करतो, आणि अपुल्लोसारख्या विद्वानाला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगणाऱ्या जोडप्यात अक्विल्लाइतकीच प्रिस्किल्ला होती, हे त्या ज्येष्ठांनाही माहीत असणार. तुम्ही हा वाद वार्षिक सभेत उकरून काढू नका. पाळकसाहेबांना भेटा, आणि तुमच्या पाचारणाची चौकशी मंडळीने रीतसर करावी अशी लेखी विनंती द्या.

ही चौकशी म्हणजे अपमान नव्हे. अंत्युखियात बर्णबा आणि शौल यांना आत्म्याने बोलावले, तरी उपास, प्रार्थना आणि हात ठेवणे मंडळीने केले आणि मग त्यांना पाठवले. शमुवेलाला हाक आली तेव्हा ती कोणाची आहे हे त्याचे त्याला कळले नाही. ते ओळखले याजक एलीने. आणि एली कसा होता? म्हातारा, नजर गेलेला, स्वतःच्या मुलांना आवर घालू न शकलेला. मंडळीची कमिटी आदर्श नसते हे मी तुम्हाला काय सांगावे. तिथे हिशेबावरून आणि कापणीच्या सणाच्या लिलावावरून काय काय होते ते प्रत्येक सभासद जाणतो. तरीही देवाने शमुवेलाची हाक एलीला वगळून पक्की केली नाही. घरसभेतले बंधू तुम्हाला लगेच पुलपिट देऊ करत आहेत, त्याबद्दल माझी शंका इथेच आहे: त्यांनी तुम्हाला कोणताही प्रश्न विचारलेला नाही. शिक्षण नाही, पारख नाही, वर कोणाला जाब देणे नाही, अशी सेवा पटकन मिळते आणि एक दिवस तितक्याच पटकन काढून घेतली जाते. त्यांच्याबरोबर प्रार्थना जरूर करा, त्यांच्या सांगण्यावरून राजीनामा मात्र देऊ नका. हप्ता ते भरणार नाहीत.

आणि मंडळीने वर्षानुवर्षे वाट पाहायला लावली तर? नाशिकजवळ याचे एक जुने उदाहरण आहे. शरणपूर रोड आज दुकानांनी आणि दवाखान्यांनी गजबजला आहे, पण १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने तिथे वसाहत उभारली आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तिथे अक्षरे आणि कारागिरी शिकली. त्यांतला जेकब वेनराइट मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचा मृतदेह आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता, हे पुष्कळांना ठाऊक असते. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांची नावे फारशी कोणी घेत नाही. हे दोघे १८६० च्या दशकात इथून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोंबासाकडे, सेवेसाठी गेले. शिकवणे, उपदेश, सुटून आलेल्या गुलामांची काळजी, अशी कामे त्यांनी केली. गोऱ्या मिशनऱ्यांच्या लेखी ते हाताखालची माणसे होती. डीकन, म्हणजे पाळकीय दीक्षेची पहिली पायरी, म्हणून दीक्षा त्यांना मिळाली ती १८८५ मध्ये, बिशप हॅनिंग्टन यांच्या हातून. म्हणजे सुमारे दोन दशके पद नसताना काम चालू होते. या दिरंगाईचे समर्थन मी करत नाही. ती अन्यायाची होती. तुम्हाला तितके थांबावे लागावे असेही माझे म्हणणे नाही. परंतु काम आणि पद या दोन गोष्टी वेगळ्या असतात आणि पहिली दुसरीवाचून करता येते, हे त्यांनी करून दाखवले आहे. उपदेशाच्या पाळीतून नाव गेले, तरी संडेस्कूल तुमच्याकडे आहे, आजारी सभासदांच्या भेटी आहेत. त्या एकाही रविवारी चुकवू नका, आणि त्या करताना आपले नाव का कापले याची चर्चाही करू नका.

मधल्या काळात अभ्यास मात्र सुरू करा. सेरामपूरच्या सिनेटचे, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या पदव्या देणाऱ्या संस्थेचे, घरी राहून करता येणारे ख्रिस्ती अभ्यासक्रम आहेत. नोकरी सांभाळून त्यातला एखादा पूर्ण केलात, तर पुण्याच्या सेमिनरीत जाण्याआधी तुम्हालाही कळेल आणि कमिटीलाही कळेल की ही हौस आहे की ओढ. रात्रपाळीनंतर मंडळीच्या इतिहासावरचा स्वाध्याय लिहायला बसणे ही पाचारणाची चांगली परीक्षा आहे, विरोधापेक्षा कितीतरी खरी. बी.डी. हा सेमिनरीतला पदवीचा काही वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे, सेमिनऱ्या सामान्यतः मंडळीचे शिफारसपत्र मागतात, आणि धर्मप्रांताने पुरस्कृत केले तर फीचा भार हलका होतो. या कारणांसाठीही मंडळीला बाजूला ठेवून जाणे शहाणपणाचे नाही. पुढे पाळकांच्या पगाराची स्थिती काय असते, याची चौकशी आत्ताच एखाद्या पाळकबाईंकडे करा आणि आकडा भावापासून लपवू नका.

आता एक गोष्ट, जी न सांगता मी थांबलो तर हे सगळे उत्तर सावधगिरीचे प्रवचन ठरेल. कर्जाचा मार्ग लागला, बाबांची सोय लागली, मंडळीने तुमची पारख करून होकार दिला, आणि तरीही भाऊ नाराज राहिला, आत्या 'समाजात काय तोंड दाखवू' म्हणत राहिली, ज्येष्ठ सभासद उपासनेतून उठून गेले, तर त्या दिवशी निघायचे. परवानगीसाठी थांबायचे नाही. जबाबदारीच्या प्रश्नांना उत्तर देऊन झाल्यावर जो विरोध शिल्लक राहतो, तो सोसायचा असतो, सोडवायचा नसतो. मनुष्यांपेक्षा देवाचे ऐकले पाहिजे हे पेत्राने न्यायसभेसमोर सांगितले, ते अशा वेळेसाठी आहे. बाबा तेव्हाही गप्प असतील कदाचित. ते गप्प असले म्हणजे रागावले असे समजू नका.

आणि थांबणे म्हणजे लांबणीवर टाकणे होऊ नये म्हणून एक तारीख ठरवा. येत्या पुनरुत्थानाच्या सणापर्यंत (ईस्टरपर्यंत) पाळकसाहेबांकडे लेखी अर्ज जाईल, भावाशी हप्त्याचे बोलणे झालेले असेल आणि सिनेटच्या अभ्यासक्रमात नाव नोंदवलेले असेल, एवढे डायरीत लिहा आणि महिला मंडळातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईंना सांगून ठेवा, म्हणजे विचारणारे कोणीतरी राहील. अर्ज एका पानाचा पुरे. त्यात दर्शने, स्वप्ने आणि कोणी काय भाकीत केले हे लिहू नका. किती वर्षे काय सेवा केली, कोणत्या मुलांना शिकवले, आणि घरची जबाबदारी कशी वाटून घेतली आहे, हे लिहा. हा शेवटचा मुद्दा लिहिण्याआधी तो बाबांना वाचून दाखवा, आणि त्यांनी काही दुरुस्ती सुचवली तर ती करा.